हलत राहा, नाहीतर बत्ती जाईल

आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत एक मोठा खोका आहे. गेलेले दिवे त्यात टाकायचे आणि खोका भरला की भंगारात द्यायचा, असा नियम. पण तो कधी भरतच नाही. आपण वरून टाकत राहतो, तळाशी काय साठलंय ते कोणालाच माहीत नसतं. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक काढायला हात घालावा तर त्याला चिकटून दुसरा येतो, आणि एखादा अजून गरम असतो!

आमचं काम म्हणजे ऑफिसांसाठी दिवे निवडून देणं. लोक म्हणतात, त्यात काय निवडायचं? ट्यूब लावली की उजेड पडतो. पडतो ना! पण कुठून पडतो, कोणावर पडतो आणि कुठे पडत नाही, यातच सगळी गंमत आहे. भीतीसुद्धा.

मस्कतमध्ये अझैबाला आमचं ऑफिस. मेश्राम सर आमचे हेड, मूळचे नागपूरचे. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही आणि प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांच्या खिशात तयार असतं. बबनदादा इलेक्ट्रिशियन, गुहागरकडचे. त्यांचा सगळ्यांवर विश्वास. आणि मी सायली, कराडची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला तरी दचकते. अंधाराला भिणारी मुलगी लायटिंगमध्ये आली, याला मी करिअर म्हणते. आई म्हणते, "बरं झालं, निदान उजेडात तरी राहशील."

मी आले तेव्हा प्रोबेशनवर होते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ पोरी, एक ऑफिस तू एकटीनं करायचं. क्लायंट खूश झाला तर पर्मनंट. नाही झाला तर काळजी नको, परतीचं तिकीट कंपनी देते!"

शेवटचं वाक्य ते दिलासा दिल्यासारखं म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कराडला काका आधीच सगळ्यांना सांगत फिरत होते, "येईल बघा परत. झुरळाला घाबरते, ती आखातात काय टिकणार?"

* * *

आमच्या स्वतःच्या ऑफिसात सेन्सरवाले दिवे आहेत. माणूस हलला की बत्ती चालू, कोणी हलेना की थोड्या वेळात बंद. क्लायंटला दाखवायला बरं पडतं.

दुसऱ्याच दिवशी मी ड्रॉइंग बघत बसले होते. फटकन सगळा अंधार! मी अशी किंचाळले की खालच्या दुकानातला माणूस वर धावत आला.

मला वाटलं फ्यूज गेला. पण नाही. बबनदादा दारातून आत आले मात्र, बत्ती आली. ते बाहेर गेले, थोड्या वेळानं पुन्हा गेली. दिवसभर हेच. खोलीत मी बसलेली आणि दिव्यांच्या मते खोली रिकामी!

मेश्राम सर हसून हसून लाल झाले. "अगं, काहून अशी पुतळ्यासारखी बसून राहिली तू? पोरी, हलत राहा. नाही तर सेन्सर तुला मोजतच नाही!"

बबनदादांनी वर चढून तपासलं. सेन्सर ठणठणीत होता.

"मॅडम, तुम्ही काय करा, बसल्या बसल्या जरा पाय हलवत राहा. मग बत्ती जायची नाय."

आता हे मला जमणं शक्य नव्हतं. बसल्या बसल्या पाय हलवला की आमच्या घरात मांडीवर चापट बसायची. पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही म्हणे. आईनं ते इतकं पक्कं बसवलंय की पाय हलवायचा म्हटला तरी माझा पाय हलत नाही. आणि घाबरले की मी आणखीच गोठते. म्हणजे अंधार झाला की घाबरायचं, घाबरलं की गोठायचं, गोठलं की अंधार तसाच!

शेवटी मी टेबलावर एक फूटपट्टी ठेवली आणि अधूनमधून ती डोक्यावर फिरवू लागले. एक क्लायंट आला, त्यानं ते पाहिलं आणि सरांना हळूच विचारलं, "ही कोणाला बोलावतेय?"

* * *

मस्कतमधल्याच मदिनत सुलतान काबूस भागात एक ऑफिस होतं. तिथल्या मॅनेजरनं आमचं काही ऐकून न घेता कॅटलॉगमधला सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात स्वस्त दिवा निवडला. "मुझे हॉस्पिटल जैसा क्लीन चाहिए," म्हणाला. सर म्हणाले, "ठीक आहे, हॉस्पिटलच होईल."

दिवे लागल्यावर दुसऱ्या दिवशी मी उजेड मोजायला गेले. रिसेप्शनवरची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "मी बरी आहे. तुमचा चेहरा मात्र उतरलाय." आत गेले तर सगळे असेच एकमेकांना विचारत होते. ओठ निळसर, गालांवर हिरवट झाक, डोळ्यांखाली खड्डे. कॅन्टीनमध्ये माणसं जेवत होती, ती मला दारातून बघवेना. एवढी माणसं एकत्र बसून शांतपणे भात खातायत आणि त्यातलं एकही जिवंत वाटत नाही!

मी घाईनं बाहेर पडायला वळले तर समोरून एक बाई आली. पांढरीफटक, डोळे विस्फारलेले. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "सॉरी हं." तीही बाजूला झाली. काचेचं पार्टिशन होतं ते!

दुपारपर्यंत अर्धं ऑफिस तब्येत बरी नाही म्हणून घरी गेलं. मॅनेजरनं घाबरून सरांना फोन केला की पाण्यात काही आहे का.

सर म्हणाले, "पाणी बरं आहे, माणसंही बरी आहेत. तुमचे दिवे आजारी आहेत!"

दिवे बदलून उबदार पिवळसर झाक असलेले लावले आणि सगळे बरे झाले. फक्त तो मॅनेजर तेवढा तसाच दिसत राहिला. बबनदादा म्हणाले, "त्याचा तो ओरिजिनल कलर हाय."

* * *

बबनदादांची एक सवय आहे. तिन्हीसांजेला पहिला दिवा लागला की ते हात जोडतात. घरात समईला जोडतो तसे. मग तो दिवा ट्यूब असो, बल्ब असो, नाहीतर पार्किंगमधला फोकस असो. नवीन ऑफिसात पहिल्यांदा मेन स्विच टाकला तरी शिडीवर उभ्या उभ्या नमस्कार!

एका साइटवर इजिप्शियन कन्सल्टंट उभा होता. बत्ती लागली, बबनदादांनी हात जोडले. त्याला वाटलं आपल्यालाच! त्यानंही कमरेत वाकून हात जोडले. मग दर वेळी बत्ती लागली की तो जोडायचा. काम संपेपर्यंत त्याची खात्रीच झाली होती की भारतात असाच कायदा आहे.

मेश्राम सर बबनदादांची यावरून रोज खेचतात. "काय बबन, चायना मेड देव पावला का?" बबनदादा खवळत नाहीत. म्हणतात, "सर, दिवा लावल्यावर कोण कोण येऊन बसतं ते आपल्याला थोडंच दिसतं? केला नमस्कार, काय बिघडलं?"

सर म्हणतात, "बिल बिघडतं!" आणि हसतात. रोज. एक दिवस चुकत नाही.

* * *

अझैबातच एका ऑफिसात सलमा नावाची ओमानी मुलगी होती. तिची तक्रार अशी की आपण काम करत असताना कोणीतरी मागे उभं राहून वाचतं.

सरांनी मलाच पाठवलं. "जा, बस तिच्या खुर्चीत. भिऊ नको, दिवसाउजेडी आहे."

मी बसले. कीबोर्डवर हात ठेवले आणि हातांच्या मधोमध वरून एक काळं डोकं हळूच पुढे आलं! मी खुर्चीसकट मागे गेले. सलमा म्हणाली, "बघितलंस? रोज येतं."

ते माझंच डोकं होतं. दिवा बरोबर डोक्यामागे लावलेला, म्हणून सावली हातांवर. लिहिणाऱ्याच्या पाठीमागे दिवा लावायचा नसतो हे मी पुस्तकात शिकले होते, पण का लावायचा नसतो ते त्या दिवशी कळलं. बबनदादा शिडी घेऊन आले आणि त्यांनी दिवा पुढे आणि डावीकडे सरकवला. सलमा बसली.

"आता?"

"आता बरं आहे. मागचा गेला." मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "पण हा शेजारी कोण?"

दिवा एक आणि भिंतीवर सावल्या दोन! एक तिची. दुसरी जरा उंच, जरा फिकी. बबनदादा शिडीवरून उतरले आणि दाराजवळ जाऊन उभे राहिले.

सरांना फोन लावला. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. "समोरच्या बिल्डिंगच्या काचेवरून ऊन परत येऊन राहिलं असेल. पडदा लाव."

पडदा लावला, सावली गेली. सरांचं कारण कधी चुकत नाही! आठवड्यानं मी सहज विचारायला गेले तर पडदा अर्धा उघडा.

सलमा लाजून म्हणाली, "लावून बघितला गं. पण मग फारच एकटं वाटायला लागलं."

* * *

आणि मग माझं ऑफिस आलं. मस्कतपासून लांब, डोंगरापायथ्याच्या रुस्ताकला.

खजूर आणि मधाचा व्यापार करणारा एक अर्बाब, म्हणजे इकडच्या भाषेत मालक. सरांबरोबर जागा बघायला गेले. सूकमागच्या, म्हणजे बाजारामागच्या, गल्लीत खाली दुकान आणि वर ऑफिस. पुढची खोली छान हवेशीर, मागची बिनखिडकीची. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल, एक खुर्ची. बाकी सगळी माणसं पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली. दोघं तर एका टेबलावर. कोपरा मोकळा!

मी विचारलं तर अर्बाबनं काठी आपटली. वर्षानुवर्षं हिंदी लोकांबरोबर काम करून तो फर्ड्या हिंदीत बोलायचा. "उधर कोई बैठता नहीं. पूछो इनको!"

अश्रफ म्हणून केरळचा स्टोअरकीपर होता, त्यानं सांगितलं. त्या खुर्चीत नाईक म्हणून मालवणकडचे गृहस्थ बसायचे. इथेच म्हातारे झाले. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर गावी गेले आणि तिकडेच झोपेत गेले. बातमी आली, सगळे रडले. मग नवीन माणूस त्या खुर्चीत बसवला, तर तो दुपारपर्यंत उठून पुढे आला. म्हणाला, तिथं कोणीतरी आहे. दुसरा बसवला, तोही उठला.

"नाईक साब अच्छा आदमी था, मॅडम," अश्रफ म्हणाला. "एक ही आदत खराब. पैर हिलाता था. सुबह से शाम. टेबल हिलता, चाय गिरता, हम चिल्लाता, वो हँसता. फिर हिलाता."

मी खाली वाकून टेबलाखाली बघितलं. का बघितलं कोण जाणे. काही नव्हतं.

अर्बाब मात्र वैतागला होता. "विझा मैंने खुद कॅन्सल किया. खलास! अब वो किस विझे पे बैठता है?"



त्याचं म्हणणं साधं होतं. असा उजेड कर की माणसं तिथं बसतील. आणि अट एकच, माणूस नसेल तेव्हा बत्ती नको, म्हणजे सेन्सर हवाच. शेवटी काठी माझ्याकडे रोखून म्हणाला, "काम होने के बाद पहले तू बैठेगी. मैं देखेगा, ये सब देखेगा. तू बैठेगी तो ये लोग बैठेगा. नहीं बैठेगी, तो पैसा नहीं, काम नहीं."

परत येताना सर म्हणाले, "झालं मग. रुस्ताक पास तर तू पास."

मला काकांचा चेहरा दिसायला लागला.

* * *

मी खरंच जीव तोडून काम केलं. त्या खोलीत मधोमध एक जुनी ट्यूब लोंबत होती, त्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणाऱ्याची सावली त्याच्याच टेबलावर पडायची आणि मागची भिंत काळी राहायची. पाठीमागे काळी भिंत असेल तर कोणीही उठून जाईल! सर म्हणालेच होते, "माणूस टेबलाशी बसतो, पण भीती भिंतीशी बसते. आधी भिंत उजळव." मी दोन्ही भिंतींवर वरून उजेड सोडला, टेबलासाठी डावीकडून एक मऊ दिवा घेतला, डोळ्यांत काही टोचणार नाही असा. रंग सकाळच्या दहाच्या उन्हासारखा. कोपरा असा प्रसन्न दिसायला लागला की मलाच आश्चर्य वाटलं.

राहिला सेन्सर. सरांनी बबनदादांना बजावलं, "ही पोरगी पुतळा आहे. कोपऱ्यातल्या सेन्सरचा बत्ती बंद व्हायचा टाइम सगळ्यात जास्त करून ठेव. ती बसलेली असताना बत्ती गेली, तर या लोकांना दुसरं काही सांगावं लागणार नाही. सगळे पळतील आणि ही पहिल्या विमानानं कराडला!"

हँडओव्हर दुपारचा होता. पुढच्या खोलीत अर्बाब, सर, अश्रफ आणि बाकीचे. सगळ्यांच्या माना मागच्या खोलीकडे. बबनदादा खाली गाडीत हत्यारं भरत होते. अश्रफनं लोबान पेटवून दारात ठेवला होता.

"यल्ला," अर्बाब म्हणाला. "बैठ."

मी आत गेले. दिवे लागले. मी त्या खुर्चीत बसले.

खुर्ची गरम नव्हती की गार नव्हती. खुर्चीसारखी खुर्ची. पण माझं अंग जे गोठलं ते गोठलंच. हात टेबलावर, डोळे समोरच्या भिंतीवर, मानसुद्धा वळेना. फूटपट्टी अझैबात राहिली होती! मनात एकच, आता बत्ती जाईल. आता जाईल. अश्रफनं माझ्यापुढे छोट्या फिंजानमध्ये कहवा आणून ठेवला आणि जवळजवळ पळतच परत गेला. कहव्यावर बारीक बारीक तरंग उठत होते. एसीमुळे असतील, मी स्वतःला सांगितलं. मेश्राम सरांसारखं.

पुढे अर्बाब आणि सर आरामात खजूर खात होते. अर्बाबनं गावातल्या पाण्याच्या पाटाची अख्खी हकिकत सांगितली. मग त्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची. मी तशीच. बत्ती तशीच. एकदा मिणमिणलीसुद्धा नाही.

शेवटी अर्बाब उठला, दारापर्यंत आला, माझ्याकडे आणि दिव्यांकडे पाहिलं. "तमाम!" म्हणाला, म्हणजे एकदम झकास. मग अश्रफकडे वळून, "लडकी बैठा. तुम मर्द लोग को क्या हुआ?" अश्रफ ओशाळून हसला. म्हणाला, "कल से मैं बैठेगा, अर्बाब. इन्शाल्ला."

मी पास!

* * *

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. सर गाडी चालवत होते, शेजारी बबनदादा, मागे मी एकटी. आईला काय सांगायचं, काकांना काय सांगायचं, याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सरही खुशीत. "उद्याच तुझं पर्मनंटचं पत्र काढतो. पुतळा होऊन का होईना, बसली बरं का बहाद्दर!"

बबनदादा मात्र हातातला टेस्टर उगाच फिरवत होते. सूकच्या पुढे आलो, खजुरीच्या बागा मागे पडल्या, तरी फिरवतच होते. मग एकदम मागे वळून म्हणाले, "मॅडम, एक चूक झाली ओ माझ्याकडून. आता सांगतो, रागावू नका."

"काय झालं?"

"तो कोपऱ्यातला सेन्सर. टेस्ट करताना टाइम एकदम कमी ठेवतो ना आपण, माणूस जरा थांबला की बत्ती बंद. तो तसाच ऱ्हायला. वाढवायचा विसरलो. गाडीत बसल्यावर आठवलं, पण तुम्ही आत बसलेल्या, अर्बाब समोर. वर यायची हिंमत नाय झाली. म्हटलं गेली आता मॅडमची नोकरी."

सर म्हणाले, "बबन, कमाल करतो! पण बत्ती तर गेली नाही."

"तेच तर. मॅडम हुशार, हात हलवत बसल्या असतील."

मी म्हटलं, "मी हात नाही हलवला."

"मग पाय हलवला असेल."

"मी पाय हलवत नाही, बबनदादा."

 बबनदादांनी सरांकडे पाहिलं. मीही आरशातून सरांकडे पाहिलं. आता सर सांगतील. वाऱ्याचा झोत असेल, नाहीतर लोबानाचा धूर असेल, नाहीतर सेन्सरच बिघडला असेल. सरांच्या खिशात असतंच काहीतरी! मी वाट बघत होते. बबनदादाही वाट बघत होते.

"मग सर," बबनदादा म्हणाले, "आत हलत..."

"बबन. पुरे."

बाहेर डोंगर काळे व्हायला लागले होते. तिन्हीसांज झाली होती. सरांनी हात वर नेला आणि गाडीतला दिवा लावला.

बबनदादांनी हात जोडले.

सर हसले नाहीत. त्यांनी आरशातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू आपली जरा हलत राहा."